तेच गणित पुन्हा का करायचं? फंक्शनचे निकाल साठवून प्रोग्रॅम वेगवान करण्याची पद्धत

महाराष्ट्रातल्या ३५८ तालुक्यांच्या मुख्य गावांची एकमेकांपासूनची हवाई अंतरं काढायची आहेत असं धरू. प्रत्येक गावाचे अक्षांश-रेखांश हाताशी आहेत आणि सूत्र नेहमीचं, गोलावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर देणारं हॅवरसाइनचं. गावांच्या जोड्या होतात ६३,९०३. प्रत्येक जोडीला दोन्ही गावांच्या अक्षांशांचा कोसाइन लागतो, म्हणजे कोसाइनच्या फंक्शनला १,२७,८०६ कॉल जातात. पण अक्षांश तर ३५८च आहेत! उरलेले १,२७,४४८ कॉल आधी काढून झालेलं उत्तर पुन्हा काढण्यात जातात.

आता त्याच सूत्रातला साइन बघा. तो अक्षांशांच्या फरकाच्या निम्म्यावर आणि रेखांशांच्या फरकाच्या निम्म्यावर चालतो. हे फरक जवळपास प्रत्येक जोडीला वेगळे असतात. तिथं उत्तर साठवून ठेवलं तर ते परत मागायला कोणी येत नाही. साठवण्याचे कष्ट मात्र दर वेळी पडतात.

दोन्ही फंक्शनं शेजारी-शेजारी, एकाच ओळीत बसलेली, तरी एकाला वही लावणं, म्हणजे त्याचे निकाल लिहून ठेवणं, फायद्याचं आणि दुसऱ्याला लावणं तोट्याचं. निकाल साठवण्याची युक्ती बहुतेकांना माहीत असते. ती कुठे लावायची आणि कुठे नाही, हे मोजून ठरवणारे मात्र कमी भेटतात. म्हणून या लेखातला बराचसा भाग मोजण्यावरच आहे.

या युक्तीचं नाव मेमोइझेशन. एडिंबरा विद्यापीठातले डोनाल्ड मिची यांनी १९६८ साली ‘नेचर’मध्ये ‘मेमो फंक्शन’ची कल्पना मांडली, त्यातून हा शब्द आला. आपल्याकडे पूर्वी शाळेत पावकी, निमकी, दिडकी पाठ करून घेत. दुकानात हिशेब करताना दीड गुणिले सतरा मांडत बसायला नको, उत्तर तोंडावर हवं. फरक एवढाच, की पाढे गरज पडण्याआधी पाठ करतात आणि मेमोची वही गरज पडेल तशी भरत जाते. प्रश्न पहिल्यांदा आला की उत्तर काढायचं आणि लिहून ठेवायचं. तोच प्रश्न पुन्हा आला की वहीतून वाचायचं. वहीत सापडलं तर ‘हिट’, नाही सापडलं तर ‘मिस’.

पहिली पायरी : वेळ कुठे जातो ते बघा

लिनक्सवर ‘पर्फ रेकॉर्ड’ चालवून ‘पर्फ रिपोर्ट’ बघा, पायथनमध्ये ‘सी-प्रोफाइल’ वापरा. ज्या फंक्शनवर नजर आहे ते एकूण वेळाच्या ८ टक्के खात असेल, तर ते पूर्ण फुकट झालं तरी प्रोग्रॅमचा ८ टक्केच वेळ वाचणार. अशा ठिकाणी वही लावून कोड वाचायला अवघड करण्यात अर्थ नाही. ३० किंवा ४० टक्के खात असेल तर पुढे चला.

दुसरी पायरी : फंक्शन शुद्ध आहे का?

त्याच आर्ग्युमेंटांना, म्हणजे फंक्शनला दिलेल्या त्याच आकड्यांना, कायम तेच उत्तर, आणि उत्तर देण्यापलीकडे बाहेरच्या जगात कसलाही बदल नाही, अशा फंक्शनला शुद्ध म्हणतात. घड्याळ बघणारं, रँडम आकडा काढणारं, फाइल किंवा डेटाबेस वाचणारं, ग्लोबल व्हेरिएबलवर अवलंबून असणारं फंक्शन इथेच बाद होतं.

काही फंक्शनं वरून शुद्ध दिसतात, पण असतात नव्व्याण्णव टक्केच. सी भाषेतल्या गणिताच्या लायब्ररीत ऋण संख्येचा लॉग मागितला तर उत्तराबरोबर ‘एररनो’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये चुकीची खूणही टाकली जाते. वहीतून उत्तर दिलं की ती खूण पडत नाही, आणि पुढे ती तपासणारा कोड चुक झालीच नाही असं समजतो. यावर सोपा मार्ग म्हणजे चुकीत संपलेला कॉल वहीत लिहायचाच नाही. उत्तर मोजक्या बिटांत बसवताना ते वर न्यायचं की खाली, हे ठरवण्याची पद्धत, म्हणजे राउंडिंग मोड, प्रोग्रॅम मध्येच बदलत असेल तर तो बदलताना वही कोरी करावी लागते.

तिसरी पायरी : पुनरावृत्ती मोजा

ही पायरी वगळू नका. मूळ फंक्शनभोवती तात्पुरतं एक वेष्टण घाला, त्यात येणारी आर्ग्युमेंटं नोंदवा आणि दोन आकडे काढा : एकूण कॉल किती आणि त्यात वेगवेगळी आर्ग्युमेंटं किती. आमच्या उदाहरणात कोसाइनसाठी ते १,२७,८०६ आणि ३५८ निघतात. साइनसाठी दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात आणि तिथला विषय संपतो.

पायथनमध्ये हे मीटर तयारच मिळतं. ‘फंक्टूल्स’ मॉड्यूलमधला ‘एलआरयू-कॅश’ हा डेकोरेटर, म्हणजे फंक्शनवर चढवायचं तयार वेष्टण, ३.२ आवृत्तीपासून आहे. त्याला ‘मॅक्ससाइझ’ म्हणून ‘नन’ द्या, प्रोग्रॅम चालवा आणि शेवटी ‘कॅश-इन्फो’ छापा. मिसचा आकडा म्हणजे वेगवेगळी आर्ग्युमेंटं. मोजणी झाली की डेकोरेटर काढून टाका, कारण पायथनमध्ये एकट्या कोसाइनला वही लावून हाती फारसं काही लागत नाही. वहीत शोधण्याचा खर्च कोसाइनच्या खर्चाच्या जवळपास जातो. तिथं वही शोभते ती मोठ्या कामाला : लांबलचक मजकूर पार्स करणं, स्वतःलाच परत-परत हाक मारणारं रिकर्शन. फिबोनाचीचं साधं रिकर्शन ४०व्या संख्येसाठी स्वतःला एकूण ३३,११,६०,२८१ वेळा बोलावतं. वही लावल्यावर ७९ कॉल पुरतात.

वेगवेगळी आर्ग्युमेंटं किती, एवढ्यावर मात्र थांबू नका. तेच आर्ग्युमेंट परत यायला मध्ये किती वेगळी आर्ग्युमेंटं जातात, तेही महत्त्वाचं आहे. एलआरयू-कॅशमध्ये तुम्ही आकार दिला नाही तर १२८ नोंदी राहतात आणि सगळ्यांत जुनी वापरलेली नोंद आधी बाहेर पडते. आमच्या लूपमध्ये बाहेरचं गाव दर फेरीला परत येतं, त्यामुळे ते वहीत टिकतं. आतलं गाव मात्र परत येतं ते उरलेली सगळी गावं होऊन गेल्यावर. म्हणजे नेमकं ज्या क्षणी ते हवं असतं, त्याच्या थोडंसं आधी ते बाहेर फेकलेलं असतं. कागदावर हिशेब केला तर हिटचं प्रमाण ५६ टक्क्यांच्या आसपास येतं. तीच वही ५१२ नोंदींची केली की प्रमाण ९९.७ टक्क्यांवर जातं. आकार १२८वरून २५६ केला तरी चक्राकार फिरणाऱ्या या मागणीत बराच भाग हुकतोच. गोल फिरणारी मागणी आणि तिच्याहून थोडी लहान एलआरयू वही, यांचं जमत नाही.

चौथी पायरी : परवडतं का?

मूळ फंक्शनचा खर्च ‘मोठा खर्च’ म्हणा, वहीत शोधण्याचा ‘छोटा खर्च’. वही दर कॉलला उघडावी लागते, मूळ फंक्शन फक्त मिस झाल्यावर चालतं. म्हणून हिटचं प्रमाण छोटा खर्च भागिले मोठा खर्च याहून जास्त असेल तरच फायदा. शोधायला १० सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) आणि फंक्शनला ५० लागत असतील तर २० टक्के हिटांवर बरोबरी होते. फंक्शन १५ सायकलचं असेल तर बरोबरीलाच ६७ टक्के हिट हव्यात. तिथं मी वहीच्या वाटेला जाणार नाही.

हा छोटा खर्च वही कुठे राहते त्यावर ठरतो. प्रोसेसरच्या आतल्या छोट्या, जलद मेमरीला कॅश म्हणतात; तिच्या पहिल्या पातळीतून वाचायला साधारण ४-५ सायकल लागतात, दुसऱ्या पातळीला साधारण १२ ते १५, आणि मुख्य मेमरीपर्यंत जावं लागलं तर शेकडो. पहिल्या पातळीचा डेटा कॅश बहुतेक प्रोसेसरांत ३२ किंवा ४८ किलोबाइटचा असतो आणि तो एकट्या तुमच्या वहीसाठी नसतो. वही फुगली की ती प्रोग्रॅमचा बाकीचा डेटा तिथून बाहेर ढकलते. मग फंक्शन वेगवान आणि आजूबाजूचा कोड हळू, असा अनुभव येतो.

अजून एक लपलेला खर्च आहे. हिट की मिस हे प्रोसेसर आधीच ओळखायला बघतो. हिट ९९ टक्के असल्या तर अंदाज बरोबर निघतो. निम्म्या हिट, निम्म्या मिस, तेही बेभरवशाच्या क्रमानं, असं झालं तर अंदाज चुकत राहतो आणि प्रत्येक चुकीला साधारण १५-२० सायकल वाया जातात.

पाचवी पायरी : वही न लावता काम होतंय का, ते आधी बघा

कोड तुमचाच असेल तर अनेकदा वहीपेक्षा चांगला उपाय समोर असतो. अंतरांच्या उदाहरणात ३५८ अक्षांशांचे कोसाइन लूपच्या आधीच एका ॲरेमध्ये काढून ठेवायचे आणि आत नुसता क्रमांक देऊन वाचायचे. शोधणं नाही, तुलना नाही, मिस नाही. हे पाढे पाठ करण्यासारखंच आहे. जीसीसी कंपायलरमध्ये फंक्शनवर ‘कॉन्स्ट’ किंवा ‘प्युअर’ ही खूण लावली की जवळपासचे तेच ते कॉल कंपायलर स्वतःच एकत्र करतो.

वही खरी उपयोगी पडते ती पुनरावृत्ती कोडमध्ये दिसत नसते तेव्हा. डेटाच तसा असतो, किंवा कॉल दहा ठिकाणांहून येतात, किंवा कोड दुसऱ्याचा असतो आणि त्याला हात लावता येत नाही.

सहावी पायरी : वही बांधा

सी किंवा सी++मध्ये, एका डबल (६४ बिटांचा दशांश आकडा) आर्ग्युमेंटच्या फंक्शनसाठी मी थेट जागेची साधी टेबल वापरतो. प्रत्येक आर्ग्युमेंटला एकच ठरलेली जागा. तिथं दुसरं कोणी बसलेलं असेल तर त्याला उठवून बसायचं. साखळ्या नाहीत, एलआरयू नाही. एका नोंदीत ८ बाइट किल्ली, म्हणजे आर्ग्युमेंट, आणि ८ बाइट उत्तर. १,०२४ नोंदी म्हणजे १६ किलोबाइट, पहिल्या पातळीच्या ३२ किलोबाइटांतल्या निम्म्या. टेबलचा पत्ता ६४ बाइटांवर जुळवून घ्या, म्हणजे एका कॅश-लाइनमध्ये नेमक्या चार नोंदी बसतात आणि कोणतीही नोंद दोन लाइनींत विभागली जात नाही.

वहीतला_कोसाइन (क्ष) :
　बिट = क्ष चे ६४ बिट, पूर्णांक म्हणून
　जागा = घडी (बिट)
　टेबल [जागा] ची किल्ली बिट एवढीच असेल तर तिथलं उत्तर परत द्या
　उत्तर = मूळ_कोसाइन (क्ष)
　टेबल [जागा] मध्ये बिट आणि उत्तर लिहा
　उत्तर परत द्या

‘घडी’ करताना सगळ्यांत जास्त चुका होतात. सरळ शेवटचे १० बिट घेतले तर ०.५, १, १.५, २ असे सुटसुटीत आकडे सगळे शून्याच्याच जागेवर येऊन पडतात, कारण या आकड्यांचे खालचे बिट शून्यच असतात, माहिती सगळी वरच्या बाजूला असते. म्हणून वरचे ३२ बिट खालच्या ३२ बिटांशी एक्सऑर करा, आलेल्या ३२ची तशीच १६वर घडी घाला आणि मग त्यातले शेवटचे १० घ्या. एक्सऑरला एक सायकल लागते, एवढी स्वस्त घडी पुरते.

नीट घडी घातली तरी टक्कर होतेच. ३५८ किल्ल्या १,०२४ जागांत विखुरल्या तर सुमारे २९ टक्के किल्ल्यांना जागेत वाटेकरी असतो. ४,०९६ जागा केल्या तर हे प्रमाण ८ टक्क्यांवर येतं, पण टेबल ६४ किलोबाइटची होऊन पहिल्या पातळीबाहेर जाते. दोन्ही आकार चालवून बघावे लागतात. माझा कल लहान टेबलकडे असतो.

तुलना आकडा म्हणून करू नका, बिट म्हणूनच करा. आकड्यांच्या तुलनेत शून्य आणि उणे शून्य सारखे ठरतात, पण काही फंक्शनांची उत्तरं त्यांच्यासाठी वेगळी असतात. ‘एटॅन२’ला पहिलं आर्ग्युमेंट शून्य आणि दुसरं उणे एक दिलं तर उत्तर पाय, उणे शून्य दिलं तर उणे पाय. शिवाय ‘नॅन’, म्हणजे ‘आकडा नाही’ असं सांगणारं उत्तर, स्वतःशीही समान नसतो, म्हणून तो वहीत कधी सापडतच नाही आणि दर वेळी मिस होत राहतो.

एक चूक माझ्या हातून झाली होती, ती इथेच सांगतो. टेबल नवी केली की सगळे बिट शून्य असतात. शून्य या आकड्याचेही सगळे बिट शून्यच असतात. म्हणजे कोऱ्या वहीला कोसाइन शून्य विचारलं की ती म्हणते, किल्ली जुळली, हे घ्या उत्तर : शून्य. खरं उत्तर एक. मी आधी साइनवर चाचणी घेतली होती आणि साइन शून्य खरोखरच शून्य असल्यामुळे सगळं बरोबर दिसलं. मग चित्र फिरवणाऱ्या प्रोग्रॅमला ती वही जोडली, आणि शून्य अंशांत फिरवलेलं चित्र एका ठिपक्यात गोळा झालं. उपाय एका ओळीचा आहे. सुरुवातीलाच शून्याच्या घडीच्या जागेवर मूळ फंक्शनचं शून्यासाठीचं खरं उत्तर लिहून ठेवा. बाकीच्या कोऱ्या जागांवरही शून्य किल्ली असते, पण शून्य आर्ग्युमेंट तिकडे कधी जात नाही.

थ्रेड अनेक असतील तर प्रत्येकाला स्वतःची टेबल द्या. एकच टेबल वाटून घेतली तर एका थ्रेडनं किल्ली लिहिली आणि उत्तर लिहायच्या आत दुसऱ्यानं वाचलं, असं होतं. ही चूक लाखात एकदा दिसते आणि पकडायला आठवडे खाते. कुलूप लावलं तर कुलपाचाच खर्च कोसाइनएवढा होतो.

पायथनमध्ये टेबल बांधायची गरज नाही, पण दोन गोष्टी जपा. साठवलेलं उत्तर लिस्ट किंवा डिक्शनरी असेल आणि बोलावणाऱ्यानं त्यात काही घातलं, तर वहीतलंच उत्तर बिघडतं आणि पुढच्या सगळ्यांना बिघडलेलं मिळतं. अशा वेळी टपल, म्हणजे बदलता न येणारी यादी, परत द्या. आणि क्लासच्या मेथडवर एलआरयू-कॅश लावला तर ‘सेल्फ’ही किल्लीचा भाग होतो, त्यामुळे ती ऑब्जेक्टं वहीत आहेत तोवर मेमरीतून सुटत नाहीत.

सातवी पायरी : दुसऱ्याच्या कोडला वही

सोर्स कोड नसलेल्या प्रोग्रॅमलाही लिनक्सवर वही लावता येते. तुमचं कोसाइन असलेली शेअर्ड लायब्ररी बनवा, आत मूळ फंक्शनचा पत्ता ‘डीएल-सिम’ला ‘आरटीएलडी-नेक्स्ट’ देऊन मिळवा, आणि प्रोग्रॅम चालवताना ‘एलडी-प्रीलोड’मध्ये तुमच्या लायब्ररीचं नाव द्या. लोडर आधी तुमचं फंक्शन जोडतो. फ्रान्समध्ये रेन इथे अर्जुन सुरेश, आंद्रे सेझनेक आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली गणिताच्या लायब्ररीतल्या फंक्शनांवर नेमकं हेच करून दाखवलं. त्याच्याही आधी, १९९७ साली, विस्कॉन्सिन विद्यापीठातले अविनाश सोदानी आणि गुरिंदर सोही यांनी ही वही प्रोसेसरच्या आतच ठेवून एकेका इन्स्ट्रक्शनचा निकाल पुन्हा वापरण्याची रचना मांडली होती.

तुमची लायब्ररी लोड झाली आणि एकही कॉल अडवला गेला नाही, तर ही कारणं तपासा. प्रोग्रॅम स्टॅटिक लिंक केलेला, म्हणजे लायब्ररी त्याच्या आतच बांधलेली असेल. स्क्वेअर रूटसारखं फंक्शन कंपायलरनं एका इन्स्ट्रक्शनमध्ये बदललेलं असेल, आणि त्याला तसंही वहीची गरज नाही. किंवा एकाच कोनाचे साइन आणि कोसाइन दोन्ही लागतात हे बघून जीसीसीनं दोन्ही कॉल मिळून ‘साइनकॉस’ हा एकच कॉल केलेला असेल. मग साइन आणि कोसाइनवर पहारा ठेवून उपयोग नाही, साइनकॉस अडवा.

लायब्ररीची आवृत्तीही बघा. जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या २०१८ सालच्या २.२८ आवृत्तीत साइन, कोसाइन यांतले संथ मार्ग काढून टाकले गेले. मूळ फंक्शन स्वस्त झालं की चौथ्या पायरीतली बरोबरी वर सरकते. जुन्या मशीनवर मिळालेला फायदा नव्यावर मिळेलच असं नाही.

आठवी पायरी : पुन्हा मोजा

आधी उत्तरं. वहीसकट आणि वहीविना प्रोग्रॅम चालवून दोन्ही आउटपुट फाइली बाइटनं बाइट ताडून बघा. बिट-तुलनेची वही असेल तर शेवटच्या अंकापर्यंत फरक पडता कामा नये.

मग वेळ, आणि तो संपूर्ण प्रोग्रॅमचा. फक्त फंक्शन लूपमध्ये फिरवून घेतलेल्या वेळात बाकीच्या कोडची कॅशमधली धक्काबुक्की दिसत नाही. प्रत्येकी दहा-बारा वेळा चालवा, मधला आकडा घ्या, ‘पर्फ स्टॅट’मध्ये पहिल्या पातळीचे कॅश-मिस वाढलेत का ते बघा.

आणि चाचणीचा डेटा खरा आहे याची खात्री करा. प्रिन्स्टनच्या ‘पार्सेक’ या चाचणी-प्रोग्रॅमांच्या संचातला ‘ब्लॅकस्कोल्स’ हा शेअर बाजारातल्या ऑप्शनची किंमत काढणारा प्रोग्रॅम घ्या. त्याच्या इनपुटमध्ये मुळात १,००० ऑप्शन असतात आणि मोठं इनपुट हवं असेल तेव्हा त्यांच्याच प्रती काढलेल्या असतात. तिथं वहीचा फायदा प्रचंड दिसणार, कारण पुनरावृत्ती इनपुटातच भरलेली आहे. बाजारातून येणाऱ्या भावांवर तो आकडा गृहीत धरू नका. तुमच्याकडे रोज येणाऱ्या फाइलींपैकी आठवड्याभराच्या घ्या आणि तिसरी पायरी त्यांच्यावर पुन्हा करा.

वही कायमची ठेवायची ठरवलीत तर ती बंद करणारं एक बटण, म्हणजे एखादं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, कोडमध्ये ठेवा, आणि हिट-मिसचे आकडे लॉगमध्ये अधूनमधून छापा. डेटाचा स्वभाव बदलून हिटचं प्रमाण बरोबरीच्या खाली गेलं, तर ते त्या आकड्यांत दिसेल आणि बटण हाताशी असेल.